थायरॉइडची गोळी आणि जोडीचा काढा

माळव्यातील आपल्या मराठी घरांत गेल्या काही वर्षांत एक शब्द फार रुळला आहे. "वहिनींना थायरॉइड झालाय," असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक थायरॉइड ही प्रत्येकाला जन्मतः लाभलेली, गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकारात वसलेली ग्रंथी होय. 'झालेली' असते ती बहुधा या ग्रंथीची मंदावलेली कार्यशक्ती, म्हणजेच हायपोथायरॉइडिझम. निदान झाले की थायरॉक्सिनची एक लहानशी गोळी सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ एक प्रश्नही घरात शिरतो : "डॉक्टरसाहेब, गोळी चालू ठेवून जोडीला दुसरे काही घेतले तर चालेल ना?"

या 'दुसरे काही' मध्ये बरेच काही सामावलेले असते. नीमच-मंदसौरकडे पिकणाऱ्या असगंधाचे चूर्ण असते, कांचनार गुग्गुळाच्या गोळ्या असतात, ॲक्युपंक्चरच्या सुया असतात आणि अलीकडे घरपोच मागविलेल्या चिनी वनौषधींच्या पुड्या व समुद्रशेवाळाच्या कॅप्सूलही असतात. प्रश्न विचारणारी व्यक्ती प्रामाणिक असते. आपण मात्र पुष्कळदा दोनच उत्तरे देतो : "ते सगळे बंद करा," किंवा "घ्या, काही बिघडत नाही." माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ती धोक्याची आहेत.

प्रथम इतिहासाकडे पाहू, कारण या विषयात पूर्व आणि पश्चिम यांची सीमारेषा वाटते तेवढी ठळक नाही. गळ्याला आलेली गाठ, म्हणजे गलगंड, प्राचीनांना चांगलाच परिचित होता. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे आणि शार्ङ्गधरसंहितेतील कांचनार गुग्गुळ आजही त्यासाठी दिला जातो. चीनमध्ये चौथ्या शतकात गे होंग या वैद्याने गलगंडावर समुद्रशेवाळ सुचविले. सातव्या शतकापर्यंत तेथील वैद्य मेंढ्यासारख्या प्राण्यांच्या कंठग्रंथीही औषध म्हणून देऊ लागले होते. आयोडीन हे मूलद्रव्य किंवा हार्मोन ही संकल्पना तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तरीही निरीक्षणाच्या बळावर ते वैद्य अचूक जागी पोहोचले होते, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पुढे काय झाले? १८११ मध्ये फ्रान्समधील कुर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० मध्ये जिनिव्हाचे क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले. १८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका आजारी स्त्रीला टोचला आणि ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ मध्ये केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. म्हणजे शेवाळातील गुण आज आपल्या मिठाच्या पुडीत आला आहे आणि मेंढीच्या ग्रंथीतील गुण त्या लहानशा गोळीत आला आहे. फरक एवढाच, की आता मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजता येते. ज्याला आपण 'ॲलोपॅथीची गोळी' म्हणून परके समजतो, ती त्याच जुन्या विचाराची शुद्ध केलेली, मोजून दिलेली आवृत्ती आहे. शिवाय ती शरीरात आधीपासून असणाऱ्याच द्रव्याची भरपाई करते. विहीर आटली म्हणून आपण टँकरने पाणी आणतो, तेव्हा पाण्याची सवय लागेल अशी भीती आपण बाळगत नाही. गोळीची 'सवय लागते' ही समजूतही तितकीच निराधार आहे.

चिनी वैद्यकाशी मराठी माणसाचे नाते आणखी एका वाटेने जुळते. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला जे पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ती विद्या कोलकात्यात आणली. भारतात ॲक्युपंक्चर रुजले ते या वाटेने. हे सांगण्याचे प्रयोजन असे, की परकी विद्या शिकण्याचा संकोच आपल्या पूर्वसुरींनी कधी केला नाही. मात्र डॉ. कोटणीस जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत होते. त्या शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून सुया टोचाव्यात, असे चिनी वैद्यही म्हणत नव्हते.

आता पुराव्याचा विचार करू. चीनमध्ये थायरॉक्सिनसोबत पारंपरिक काढे देऊन अनेक प्रयोग झाले आहेत. त्यांतील बहुतेक लहान आहेत, आणि रुग्णाला व डॉक्टरांना कोणते औषध चालू आहे हे ठाऊक असताना केलेले आहेत. थकवा, बद्धकोष्ठ, अंग जड वाटणे या तक्रारींत फायदा झाल्याचे त्यांत नमूद आहे, पण त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या प्रयोगांत थायरॉक्सिन बंद केलेले नसते, काढा त्याच्या जोडीला असतो. असगंधाविषयी आपल्या देशात २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य विकाराचे ५० रुग्ण आठ आठवडे पाहिले गेले आणि टी.एस.एच. सुधारल्याचे आढळले. १९८४ मध्ये गुग्गुळातील एका घटकाने उंदरांच्या थायरॉइडला चेतना मिळते, असे काशीच्या संशोधकांनी दाखविले. हे सारे पुढील संशोधनाला निमंत्रण देणारे आहे. परंतु पन्नास रुग्ण आणि काही उंदीर यांच्या भरवशावर एखाद्या बालकाचा मेंदू पणाला लावता येत नाही.

संशोधन कसे करावे याचा आदर्शही चीननेच घालून दिला आहे. ज्या गे होंगने गलगंडावर शेवाळ सांगितले, त्याच्याच ग्रंथातील एका नोंदीवरून तू योयो यांना हिवतापावरील वनस्पतीचा अर्क थंड पद्धतीने काढण्याची कल्पना सुचली. १९७० च्या दशकात त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ मध्ये तू योयो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. धार-झाबुआच्या आदिवासी पट्ट्यात हिवतापाशी झुंजणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना या औषधाचे मोल सांगायला नको. तू योयो यांनी परंपरेला नमस्कार केला आणि मग तिची परीक्षाही घेतली.

'दोन्ही एकत्र घेतले तर बिघडते काय?' या प्रश्नाचे उत्तर देताना मला आपल्या देवासची आठवण होते. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार. असा कारभार तेव्हाच चालतो, जेव्हा एका दरबाराचा हुकूम दुसऱ्याला कळतो. रुग्णाचे शरीर हे असेच एक गाव आहे. डॉक्टरांची गोळी वैद्यांना ठाऊक नाही आणि वैद्यांचा काढा डॉक्टरांना ठाऊक नाही, अशा स्थितीत दोन हुकूम परस्परांना छेद देतात आणि भुर्दंड गावाला पडतो.

हा छेद तीन प्रकारांनी जातो. पहिला शोषणाचा. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास साध्या पाण्यासोबत घ्यावयाचे असते. लोह आणि कॅल्शियम यांच्याशी त्याचे जमत नाही. त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे, आणि तोच नियम लोहभस्म, शंखभस्म, प्रवाळ यांसारख्या कल्पांनाही लावणे शहाणपणाचे. दुसरा प्रकार आयोडीनच्या अतिरेकाचा. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला २५०. समुद्रशेवाळात ते किती असेल याचा नेम नसतो. एका ग्रॅममध्ये काही मायक्रोग्रॅमपासून काही हजारांपर्यंत ते आढळते. अशा अतिरेकाने आजारी ग्रंथी अधिकच मंदावू शकते, किंवा कधी उलट बेफाम होते. आयोडीनच्या अभावाने झालेल्या गलगंडावर शेवाळ गुणकारी होते. आज प्रौढांत दिसणारा बहुतांश विकार शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेल्या हल्ल्याचा असतो, आणि तेथे तेच औषध अपाय करू शकते. तिसरा प्रकार भेसळीचा. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटविण्याच्या चिनी वनौषधींत एका मुळीऐवजी दुसरीच विषारी मुळी आली आणि शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे एक-पंचमांश औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. शिशाचा सर्वाधिक घात वाढत्या मेंदूवर होतो, हे बालरोगतज्ज्ञाला विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, "हा परंपरेवर अविश्वास झाला." तसे नाही. कोणत्या द्रव्यासोबत कोणते द्रव्य देऊ नये, याची जाण परंपरेलाही होती. चिनी वैद्यकात परस्परविरोधी द्रव्यांच्या अठरा जोड्यांची प्रसिद्ध यादी आहे आणि तिच्यात समुद्रशेवाळ व ज्येष्ठमध ही जोडी आहे. आयुर्वेदातही विरुद्ध आहाराचा विचार आहे. 'नैसर्गिक आहे, म्हणजे कशासोबतही चालते' हे वाक्य कोणत्याही शास्त्राचे नसून जाहिरातीचे आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात ज्या रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींना मनाई आहे, त्या यादीत गलगंडाचे नाव आहे. तरीही 'थायरॉइड मुळापासून घालवा' अशी पत्रके आपल्या बसस्थानकांवर दिसतातच.

आता माझ्या विषयाकडे वळतो. प्रौढ व्यक्तीने गोळी सोडली तर तिला थकवा येईल, वजन वाढेल, सूज येईल. गोळी पुन्हा सुरू केली की यातील पुष्कळसे भरून निघते. जन्मजात हायपोथायरॉइडिझम असलेल्या बालकाचे तसे नसते. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची जी वाढ थायरॉक्सिनवाचून राहून जाते, ती नंतर कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. भारतात सुमारे हजार-अकराशे नवजात बालकांमागे एकाला हा विकार असतो. बहुतेक बाळे जन्मतः अगदी निरोगी दिसतात. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, बेंबीचा हर्निया, घोगरे रडणे, दूध ओढण्यातील सुस्ती ही लक्षणे दिसेपर्यंत मोलाचा काळ निघून गेलेला असतो. "बाळ किती शहाणे आहे, रडतच नाही," असे आजी कौतुकाने म्हणत असतात आणि तेच मूळ लक्षण असते. म्हणून टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ४८ ते ७२ तासांच्या वयात तपासणी करावी आणि दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू करावेत, असे शास्त्र सांगते. गोव्याने २००८ मध्ये नवजातांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. आपल्या जिल्ह्यांत प्रत्येक बाळाची ही तपासणी होतेच असे नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाने एखादा संकल्प करावयाचा असेल, तर याहून योग्य संकल्प मला सुचत नाही.

अशा बाळाला गोळी कुस्करून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात रोज द्यावी लागते, आणि तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत ती थांबवून पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत असे काही वेळा घडले आहे, की बाळ छान खेळू लागले म्हणून गोळी थांबविली गेली आणि कोणाच्या सल्ल्याने एखादे चूर्ण सुरू झाले. पहिले दोन-तीन आठवडे काहीच बिघडलेले दिसत नाही. त्याचे कारण चूर्णात नसते. थायरॉक्सिन शरीरात सावकाश उतरते, अर्धे उतरायलाच सुमारे सात दिवस लागतात. साठा संपेपर्यंत श्रेय चूर्णाला मिळते आणि पुढे उंची थांबते, मूल मंदावते, तेव्हा दोष नशिबाला दिला जातो.

याच ठिकाणी आपण डॉक्टरांनीही थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. टी.एस.एच. जरासे वाढलेले दिसले की आपल्यापैकी पुष्कळ जण लगेच गोळी लिहून मोकळे होतात. वास्तविक अशा सौम्य वाढीपैकी कित्येक काही महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात. बाळंतपणानंतरचा थायरॉइडचा दाह बहुधा वर्षभरात शमतो. स्थूल मुलांत दिसणारी किंचित वाढ ही अनेकदा वजनाचा परिणाम असते, कारण नव्हे. पासष्टीपुढील ७३७ रुग्णांवरील २०१७ च्या युरोपीय अभ्यासात सौम्य विकारासाठी दिलेल्या थायरॉक्सिनने लक्षणांत फरक पडला नाही. ज्यांना गोळीची गरजच नव्हती, त्यांनी ती सोडून काढा घेतला आणि ते 'बरे' झाले, तर गावभर काढ्याची कीर्ती होते. मग ज्या बालकाला गोळी प्राणाइतकी आवश्यक आहे, त्याचे पालकही तीच वाट धरतात. म्हणजे अनावश्यक गोळ्या लिहून आपण आवश्यक गोळीवरचा विश्वास घालवितो.

आणखी एक. रुग्ण काढा लपवितो, कारण आपण रागावतो. "आणखी काय घेता?" हा प्रश्न आपुलकीने विचारला, तर आजीबाई पदराआडची पुडी स्वतःहून काढून दाखवितात. वैद्यांशीही आपले बोलणे व्हावे. धार-देवाससारख्या गावांत डॉक्टर आणि वैद्य एकाच गणेशोत्सवाच्या मांडवात भेटतात, मग रुग्णाबद्दल चार ओळींची चिठ्ठी एकमेकांना लिहिण्यात कमीपणा कसला?

पंडित कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने ग्रस्त होऊन देवासला आले, ते येथील कोरड्या हवेसाठी. भानुमतीबाईंनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध मिळाले. हवा, सेवा आणि औषध या तिघांनीही आपापले काम केले. हवेने धीर दिला, सेवेने बळ दिले, जंतू मात्र औषधाने मारले. थायरॉइडच्या बाबतीतही हीच वाटणी मला योग्य वाटते. ॲक्युपंक्चरने कोणाची पाठ मोकळी होत असेल, योगासनांनी झोप सुधारत असेल, पथ्याने वजन आटोक्यात राहत असेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. संप्रेरकाची उणीव मात्र संप्रेरकानेच भरावी लागते.

तेव्हा प्रौढ व्यक्तीला जोडीला काही घ्यावयाचेच असेल, तर गोळी बंद करू नये, काढा वा चूर्ण डॉक्टरांपासून लपवू नये, दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे आणि सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. तपासावे. गोळी आणि असगंध एकत्र घेणाऱ्यांना छातीत धडधड, हाताला कंप किंवा वजनात घट जाणवली, तर ताबडतोब दाखवावे, कारण असगंधामुळे थायरॉइडची क्रिया अतिरेकी झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते थांबवावे, नाहीतर अहवाल फसवा येतो. आपला माळवा सोयाबीनचा प्रदेश. गव्हात सोयाबीन मिसळून दळणाऱ्या घरांनी ते सोडण्याची गरज नाही, पण गोळीनंतर लगेच ते खाऊ नये आणि प्रमाण रोज बदलू नये. उपवासाचे सैंधव उपवासापुरते ठीक, रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे, विशेषतः घरात गर्भवती असेल तर. गर्भवती, स्तनदा माता आणि बालके यांना मात्र शेवाळ, असगंध, भस्मे वा अनोळखी पुड्या यांपैकी काहीही जोडीला देऊ नये. त्यांच्यावर प्रयोग करण्याइतके ज्ञान आज कोणत्याच पद्धतीजवळ नाही.

आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बटव्याचा मला आदर आहे. त्या बटव्यात आले, ओवा, सुंठ जरूर असावी. पण ज्या घरात रोज सकाळी एखाद्या बाळासाठी गोळी कुस्करली जाते, त्या घरी जाण्याचा प्रसंग आला आणि कोणी चूर्णाची पुडी पुढे केली, तर वाचकहो, आपण डॉक्टर असा वा नसा, त्या आईला एवढेच सांगा : "पुडी राहू द्या ताई, आजची गोळी दिलीत ना?"